तापवली तरी सपाट राहणारी प्लेट: धातू निवडण्यापासून बसवण्यापर्यंत

वर्कशॉपमध्ये महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी वाकलेली प्लेट घेऊन येतं. कधी थ्रीडी प्रिंटरचा बेड, कधी टी-शर्टवर छापा मारायच्या हीट प्रेसची प्लेट, कधी हॉटेलातली डोशाची भट्टी. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: "तापवल्यावर वाकत नाही असा धातू कुठला, ते सांगा." हा प्रश्न थोडा वेगळा विचारायला हवा, म्हणूनच हा लेख सविस्तर लिहायला घेतला.

तापल्यावर प्रत्येक धातू वाढतो. पण वाढणं वेगळं आणि वाकणं वेगळं. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार काय करायचा ते आठवा. शेणकुटांच्या आरात लोखंडी धाव सगळीकडून सारखी लाल करायची, ती चाकापेक्षा मोठी झाली की चाकावर ठोकून बसवायची आणि पाणी ओतायचं. धाव तापून चांगली बोटभर वाढते, तरी तिचा गोल मोडत नाही, कारण उष्णता सगळीकडे सारखी असते आणि वाढायला मोकळीक असते. थंड होताना आकसायला चाक आडवं येतं, तेव्हा तीच धाव लाकडाला करकचून आवळते.

प्लेटचंही तसंच आहे. तिला बाक येतो तो तीन कारणांनी. एक, प्लेटच्या दोन बाजूंत किंवा मध्यात आणि कडेत तापमानाचा फरक पडतो. दोन, पत्रा बनतानाच धातूत अडकून बसलेला ताण उष्णतेने आणि कटिंगने मोकळा होतो. तीन, वाढू पाहणाऱ्या प्लेटला आपण बोल्ट मारून जखडतो. धातूची निवड पहिल्या दोन कारणांवर चांगली चालते, तिसऱ्यावर अजिबात चालत नाही.

पहिली पायरी: धातूचं नाव काढण्याआधी काम कागदावर लिहा

दुकानदाराकडे जाण्याआधी पाच गोष्टी लिहून काढा. प्लेट किती तापणार, जास्तीत जास्त किती अंश? लांबी-रुंदी किती? उष्णता कशाने देणार: चिकटवायचा सिलिकॉन हीटर, भोकात बसणारा कार्ट्रिज हीटर, की गॅसचा बर्नर? सपाटी किती हवी: ०.१ मिमी, की १ मिमी चालेल? आणि प्लेटवर काय येणार: प्लास्टिक, कापड, की खायचा पदार्थ?

उदाहरणादाखल तीन कामं घेऊ, पुढे ती परत परत येतील. पहिलं, थ्रीडी प्रिंटरचा बेड: ३०० बाय ३०० मिमी, ११० अंश, सपाटी ०.१ मिमीच्या आत. दुसरं, हीट प्रेसची प्लेट: ३८० बाय ३८० मिमी, २०० अंश, वरून दाब. तिसरं, डोशाची प्लेट: ९०० मिमी लांब, खाली गॅस, सपाटी अशी की तेल एका जागी तळं करून बसू नये. तिन्ही तापणाऱ्या प्लेटाच आहेत, पण तिन्हींना एकच धातू सांगणारा माणूस भेटला तर त्याचं ऐकू नका.

दुसरी पायरी: प्रसरण एकटं पाहू नका, त्याला उष्णतावहनाने भागा

इथे बहुतेकांची चूक होते. कोष्टकात ॲल्युमिनियमचं प्रसरण पोलादाच्या दुप्पट दिसतं आणि लोक म्हणतात, "ॲल्युमिनियम नको, जास्त वाढतं." पण बाक येतो तो तापमानाच्या फरकामुळे, आणि फरक किती पडेल हे उष्णता धातूतून किती सहज पसरते त्यावर ठरतं. म्हणून दोन आकडे एकत्र बघायचे. पहिला, १ मीटर लांबी १ अंश तापली की किती मायक्रॉन वाढते. दुसरा, उष्णतावहन, वॅट प्रति मीटर प्रति अंश. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर जितकं लहान तितकी प्लेट उष्णतेच्या प्रवाहात सरळ राहते. (६०६१, ३०४ असे आकडे म्हणजे मिश्रधातूंच्या जातींची नावं.)

तांबं: १७ भागिले ३९०, म्हणजे ०.०४
६०६१ ॲल्युमिनियम: २३.६ भागिले १६७, म्हणजे ०.१४
एलएम-६ ओतीव ॲल्युमिनियम: २० भागिले १४२, म्हणजे ०.१४
५०८३ ॲल्युमिनियम: २३.८ भागिले ११७, म्हणजे ०.२०
बीड (ओतीव लोखंड): ११ भागिले ५०, म्हणजे ०.२२
एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद): १२ भागिले ५०, म्हणजे ०.२४
एसएस (स्टेनलेस) ४३०: १०.४ भागिले २६, म्हणजे ०.४०
एसएस ३०४: १७.३ भागिले १६, म्हणजे १.०८

शेवटची ओळ नीट पाहा. ३०४ स्टेनलेस ॲल्युमिनियमपेक्षा कमी वाढतं, पण उष्णता इतकी हळू पसरवतं की बाकाच्या हिशेबात साडेसात पट वाईट ठरतं. "चांगला माल वापरू" म्हणून लोक ३०४ ची प्लेट घेतात आणि गॅसवर चढवल्यावर ती परातीसारखी होते. मालात खोट नसते, निवड चुकलेली असते.

हे प्रत्यक्ष मिमीमध्ये बसवून बघू. प्लेटच्या खालून वर दर चौरस सेंटीमीटरला १ वॅट उष्णता वाहते आहे आणि प्लेट मोकळी ठेवली आहे असं धरा. वरच्या भागाकाराला उष्णतेच्या प्रवाहाने आणि लांबीच्या वर्गाने गुणायचं, आठाने भागायचं, की मध्यभागाचा बाक मिळतो. ३०० मिमी लांबीला तो येतो: तांबं ०.००५ मिमी, ६०६१ ०.०१६ मिमी, एमएस ०.०२७ मिमी, ३०४ स्टेनलेस ०.१२ मिमी. लांबी ९०० केली की बाक तिप्पट होत नाही, नऊपट होतो: एमएस जवळपास पाव मिमी, ३०४ तब्बल १.१ मिमी. मोठी प्लेट अवघड जाते ती या वर्गामुळे.

या हिशेबात जाडी कुठेही आली नाही. जाडी वाढवली की दोन बाजूंतला तापमानाचा फरक वाढतो आणि तेवढ्याच प्रमाणात तो फरक जास्त उंचीवर वाटला जातो. दोन्ही एकमेकांना कापतात. म्हणजे खालून सारखी उष्णता येत असेल तर नुसती जाड प्लेट घेतल्याने हा बाक कमी होत नाही. जाडीचा फायदा दुसरीकडे आहे, त्याकडे पुढे येतो.

आता प्रिंटरचा बेड घ्या. ४५० वॅटचा हीटर ९०० चौरस सेंटीमीटरवर, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला अर्धा वॅट. कागदावर बाक ०.०१ मिमीच्याही आत. आणि लोक येतात ते ०.३, ०.४ मिमी बाक घेऊन. उरलेला आला कुठून? धातूत अडकलेल्या ताणातून आणि कोपऱ्यातल्या स्क्रूंमधून. लहान प्लेटा बहुतेक वेळा उष्णतेने वाकत नाहीत, त्या आधीच वाकायच्या बेतात असतात आणि उष्णता फक्त निमित्त होते.

तिसरी पायरी: किती फरकाला धातू कायमचा बसतो ते पाहा

थंड झाल्यावर परत सरळ होणारा बाक एक वेळ सांभाळून घेता येतो. कायम राहणारा बाक ही खरी अडचण आहे. तो असा येतो: प्लेटचा एक भाग जास्त तापला, तो वाढू पाहतो, भोवतीचा थंड धातू त्याला वाढू देत नाही. ताण सहनशक्तीच्या पलीकडे गेला की तापलेला भाग आतल्या आत दबतो. थंड झाल्यावर तो मूळ मापापेक्षा आखूड होतो आणि भोवतीच्या धातूला ओढून धरतो. प्लेट उठते किंवा खचते. फॅब्रिकेटर गॅस टॉर्चने ठिपके तापवून वाकडा अँगल सरळ करतो, तीच ही क्रिया. इथे ती आपल्या मनाविरुद्ध होते एवढंच.

धातू पूर्ण जखडलेला धरला तर साधारण किती अंशांच्या फरकाला हे होतं? आयएस २०६२ या भारतीय मानकाच्या ई-२५० एमएसला १०० अंशांच्या आसपास. ३०४ स्टेनलेसला ६० च्या थोडं वर. ६०६१-टी६ ॲल्युमिनियमला १७० च्या आसपास. आणि भांड्यांसाठी येतो त्या मऊ, शुद्ध ॲल्युमिनियमच्या पत्र्याला जेमतेम २० अंश. हे आकडे खोलीच्या तापमानाची ताकद धरून आहेत. धातू तापला की ताकद उतरते, म्हणून प्रत्यक्षात आणखी कमीच धरा.

म्हणजे "ॲल्युमिनियम" एवढंच म्हणून काम भागत नाही. एकाच रंगाच्या, एकाच जाडीच्या दोन पत्र्यांत आठपट फरक असू शकतो.

चौथी पायरी: टेम्पर (धातूवर कारखान्यात झालेली प्रक्रिया) विचारा, कागद मागा

माझ्या मते साऱ्या लेखात ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि तीच सगळ्यात जास्त गाळली जाते.

६०६१ किंवा ६०८२ ची प्लेट (बाजारात ६०८२ ला अजूनही एचई-३० म्हणतात आणि ६०६१ ला एचई-२०) कारखान्यात ५३० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवतात. बाहेरचा थर आधी थंड होतो, गाभा नंतर. गाभा आकसताना बाहेरच्या थराला ओढतो. परिणामी बाहेरचा थर दाबलेला आणि गाभा ताणलेला, असा प्लेटमध्ये कायमचा ताण कोंडला जातो. वरवर प्लेट सपाट दिसते, कारण दोन्ही बाजूंचा ताण सारखा असतो. तुम्ही एका बाजूने २ मिमी उडवलेत की तोल गेला, आणि प्लेट लगेच वाकते.

यावर कारखान्याचा उपाय म्हणजे विझवल्यानंतर प्लेट दीड ते तीन टक्के ताणणे. तेवढं ओढल्याने कोंडलेला ताण बराचसा निघून जातो. अशा मालाच्या टेम्परला टी६५१ म्हणतात. नुसतं टी६ म्हणजे न ताणलेला. आकडा जवळजवळ तोच, भावातही फार फरक नसतो, पण तापणाऱ्या प्लेटसाठी दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

याहून चांगला पर्याय म्हणजे कास्ट टूलिंग प्लेट. ती लाटलेली नसते. ओतून, ताण काढून, दोन्ही बाजूंनी मशिन करून येते. एमआयसी-६ हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव, आणि ५०८३ च्या जातीच्या ओतीव प्लेटाही मिळतात. ताकद ६०६१ पेक्षा कमी, पण प्रिंटरच्या बेडला ताकद लागतेच किती? ३०० मिमीच्या बेडसाठी कोणी मला एकच नाव विचारलं तर मी कास्ट टूलिंग प्लेट, ८ मिमी, एवढंच सांगतो.

मला हे शिकायला एक अख्खा लॉट घालवावा लागला. एका व्यापाऱ्याने "टी६५१ च आहे" असं तोंडी सांगून माल दिला, मी टेस्ट सर्टिफिकेट मागितलं नाही. कापून, मिलिंग करून बारा प्लेटा झाल्या, त्यातल्या नऊ दुसऱ्या दिवशी सकाळी सर्फेस प्लेटवर (सपाटी तपासायच्या अचूक टेबलावर) डुलत होत्या. तेव्हापासून सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (धातूच्या लॉटचा नंबर) आणि प्लेटवर छापलेला नंबर जुळवल्याशिवाय मी माल उतरवून घेत नाही. कापलेले तुकडे विकणाऱ्याकडे कागद नसेल तर एक छोटी चाचणी करा: एका पट्टीच्या एकाच बाजूने जाडीचा तिसरा हिस्सा मिलिंगने काढा आणि सोडून बघा. पट्टी चापासारखी वाकली तर तो माल या कामाचा नाही.

आता धातू एकेक करून

२०० अंशांपर्यंत ॲल्युमिनियमला तोड नाही, पण त्यात एक मेख आहे. ६०६१ आणि ६०८२ ची ताकद १६० ते १८० अंशांवर काही तास भाजून आणलेली असते. त्याच्या वर दिवसच्या दिवस तापवलं तर ताकद उतरत जाते आणि दाबाखाली धातू हळूहळू सरकतो. ११० अंशांच्या बेडला याची काळजी नाही. २०० अंशांच्या हीट प्रेसला आहे. तिथे मी एलएम-६ ची जाड ओतीव प्लेट घेतो, हीटरची नळी आतच ओतलेली. या मिश्रधातूत १० ते १३ टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे साच्यात तो छान पसरतो आणि प्रसरणही जरा कमी असतं. ओतीवात वाऱ्याची भोकं नाहीत ना, एवढं मात्र फिनिश कट मारल्यावर तपासा. भोकाजवळ हीटरची नळी धातूला टेकत नाही, ती तिथेच लाल होते आणि जळते. २५० अंशांच्या वर नेहमी काम असेल तर ॲल्युमिनियमचा नाद सोडावा.

बिडाबद्दल मला आपुलकी आहे, ती लपवत नाही. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला फाउंड्रीचा वास ओळखीचा असतो. करड्या बिडातलं ग्राफाइट उष्णता पसरवतं, धक्के गिळतं, आणि प्रसरण कमी. ३०० ते ४०० अंशांच्या जड, स्थिर प्लेटला आयएस २१० मधलं एफजी २०० किंवा २६० उत्तम. अट एकच: ओतल्यावर लगेच मशिनवर चढवायचं नाही. जुने लोक कास्टिंग महिनोन् महिने अंगणात ऊन-पावसात टाकून ठेवत, "मुरू दे" म्हणत. आता तेच काम भट्टीत ५०० ते ६०० अंशांवर ठेवून आणि भट्टीतच हळूहळू थंड करून होतं. फाउंड्रीवाल्याला ऑर्डर देतानाच स्ट्रेस रिलीव्हिंग लिहून द्या, आणि प्लेटला खाली फासळ्या असतील तर त्यांची जाडी प्लेटच्या जाडीच्या जवळपास ठेवा. बारीक फासळी आधी थंड होते, मग प्लेट आकसताना दोघांत ताण अडकतो. बिडाच्या दोन वाईट खोडीही सांगतो. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर तडा जातो. आणि ४०० अंशांच्या वर वर्षानुवर्षं तापत राहिलं तर बीड फुगतं, त्याचं मापच वाढतं.

डोशाच्या प्लेटला एमएस. १२ मिमीच्या खाली जाऊ नका, जमलं तर १६ घ्या. लाटलेल्या पत्र्यात ताण असतोच, शिवाय कडेला वेल्डिंग करून पाट लावला की आणखी भरतो. म्हणून आधी सगळं वेल्डिंग, मग ६०० ते ६५० अंशांवर जाडीच्या दर २५ मिमीला एक तास, भट्टीतच थंड, आणि शेवटी वरची बाजू ग्राइंडिंग. हा क्रम उलटा केला तर ग्राइंडिंगचे पैसे पाण्यात. आणि हॉटेलवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे: रात्री धुताना लाल तापलेल्या प्लेटवर बादली ओतू नका. डोशाआधी शिंपडायचं मूठभर पाणी वेगळं. बादलीने वरचा थर एका क्षणात आकसतो, आणि वर सांगितलेला कायमचा बाक बसतो.

स्टेनलेस खाण्याच्या पदार्थासाठी हवंच असेल तर ३०४ ऐवजी ४३० बघा: वहन जास्त, प्रसरण बरंच कमी. किंवा खाली जाड ॲल्युमिनियम आणि वर पातळ स्टेनलेस अशी कारखान्यात जोडलेली प्लेट घ्या. ३०४ मधला ताण भट्टीत काढणंही सोपं नाही. ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात ते जास्त वेळ राहिलं की गंज-प्रतिकारच जातो, ज्यासाठी ते घेतलं तोच गुण.

तांबं कागदावर पहिलं येतं. पण महाग, जड, मशिनला चिकट, आणि तापून मऊ पडलं की हाताच्या धक्क्यानेही पोचा येतो. पिशव्या सील करणाऱ्या मशिनच्या छोट्या जबड्यांसाठी ठीक.

जाडी कुठे उपयोगी पडते

मध्य गरम आणि कडा थंड असतील तर मधला भाग फुगायला बघतो आणि पातळ पत्रा डबीच्या झाकणासारखा टक् करून वर किंवा खाली उडी मारतो. ही उडी किती फरकाला बसेल ते जाडीच्या वर्गावर ठरतं: जाडी दुप्पट केली तर चौपट फरक सहन होतो. शिवाय हीटरांच्या मधले थंड पट्टे जाड प्लेटमध्ये वरपर्यंत पोचत नाहीत. मी स्वतः ॲल्युमिनियमला २०० मिमीपर्यंत ६, ३०० ला ८, ४०० च्या वर १० ते १२ मिमी धरतो. कार्ट्रिज हीटर असतील तर दोन हीटरांमधलं अंतर जाडीच्या दुपटीपेक्षा जास्त ठेवत नाही.

जाडीची किंमत वेळेत मोजावी लागते. ३०० बाय ३०० बाय ८ ची ॲल्युमिनियम प्लेट जवळपास १.९५ किलोची. ती २५ वरून ११० अंशांवर न्यायला सुमारे १५० किलोजूल लागतात, म्हणजे ४५० वॅटच्या हीटरने साडेपाच मिनिटं, गळती सोडून. त्याच मापाची एमएसची प्लेट साडेपाच किलोच्या वर भरते आणि २३५ किलोजूल मागते.

पाचवी पायरी: मशिनिंग

उद्यमनगरात एका वयस्कर काकांच्या मिलिंग मशिनवर मी उमेदवारी केली. पहिल्या प्लेटला मी चारही बाजूंनी क्लॅम्प आवळले, सुंदर आरशासारखा फिनिश काढला, वर डायल (उंचीतला बारीक फरक दाखवणारं काट्याचं साधन) फिरवली, काटा जागचा हलेना. काकांना अभिमानाने दाखवायला गेलो. ते म्हणाले, "बाळ, आधी ढिलं कर, मग माप." पहिला क्लॅम्प सोडला तसा प्लेटचा कोपरा टेबलावरून उठलेला डोळ्यांनी दिसला. खाली ०.३० मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) आरामात गेली. वाकडी प्लेट मी दाबून सरळ केली होती, सरळ असताना कापली होती आणि सोडल्यावर ती आपल्या मूळ बाकावर परत गेली होती, फक्त आता तो बाक वरच्या बाजूलाही छापला गेला होता.

त्यांनी शिकवलेली पद्धत आजही तीच वापरतो. प्लेट टेबलावर मोकळी ठेवा, कुठे डुलते ते बघा, उचललेल्या जागी खालून शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) भरा आणि मगच हलके क्लॅम्प लावा. एका बाजूने थोडं काढा, उलटा, दुसऱ्या बाजूने तेवढंच काढा. दोन्ही बाजूंनी मिळून रफ झाल्यावर अर्धा मिमी शिल्लक ठेवून प्लेट काढून घ्या. भोकं, खाचा, हीटरचे गाळे सगळं याच वेळी उरकून टाका. मग प्लेटला कामाच्या तापमानापेक्षा २०-३० अंश वर नेऊन तासभर ठेवा आणि बंद भट्टीत किंवा ब्लँकेटखाली हळूहळू उतरू द्या. असं दोन-तीनदा करा. जे काही हलायचं आहे ते इथेच हलू दे. त्यानंतर फिनिश कट, हलक्या हाताने.

सहावी पायरी: हीटर

कडांतून उष्णता जास्त निसटते, म्हणून हीटर सगळीकडे सारखा दिला तर कडा थंड राहतात. मध्यापेक्षा कडेला थोडी जास्त वॅट द्या, किंवा हीटर प्लेटच्या कडेपर्यंत न्या. चिकटवायच्या हीटरखाली हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. तिथे हीटर जळतो आणि प्लेटवर थंड ठिपका पडतो. पूर्ण ताकदीने एकदम तापवण्यापेक्षा पीआयडी कंट्रोलरवर (तापमान आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रावर) हळूहळू चढ लावून तापवलं तर खालून वर वाहणारी उष्णताच कमी राहते, आणि बाकही त्याच प्रमाणात.

२३० व्होल्टचा हीटर असेल तर प्लेटला अर्थिंगची वायर स्क्रूने पक्की जोडा आणि प्लेटवर वेगळा थर्मल कटऑफ बसवा. कंट्रोलरचा रिले चिकटला तर वीज तोडणारं दुसरं काहीतरी असायलाच हवं. यात काटकसर नको.

सातवी पायरी: बसवणं

आता बाकाच्या तिसऱ्या कारणाकडे, म्हणजे बोल्टने जखडण्याकडे. ३०० मिमीच्या ॲल्युमिनियम बेडला २८० मिमी अंतरावर भोकं आहेत. ११० अंशांवर ते अंतर ०.५६ मिमी वाढतं. खालची एमएसची फ्रेम जेमतेम ४० अंशांवर असते, ती वाढते ०.०५. म्हणजे अर्धा मिमी लांबी जादा झाली, आणि तिला बाजूला जायला वाट नाही. दोन्ही टोकं अगदी घट्ट धरली आणि अर्ध्या मिमीने सगळी वाट वरच शोधली, तर भूमितीच्या हिशेबाने मध्यभाग ७ मिमी उठेल. प्रत्यक्षात स्क्रू थोडे सरकतात, फ्रेम थोडी वाकते, म्हणून एवढं होत नाही, पण ०.३ मिमीचं कोडं इथे सुटतं.

उपाय स्वस्त आहे. प्लेट तीन ठिकाणी टेकवा, चार नाही. तीन पायांचं स्टूल कधी डुलत नाही. तिघांतलं एक भोक घट्ट, तिथे प्लेट पक्की. दुसऱ्या ठिकाणी लांबट खाच, तिचं तोंड पहिल्या भोकाच्या दिशेने, म्हणजे प्लेट त्या रेषेत सरकू शकेल. तिसऱ्या ठिकाणी मोठं भोक, प्लेट नुसती टेकलेली, कुठेही सरको. स्क्रूच्या डोक्याखाली स्प्रिंग किंवा डिस्क वॉशर घाला, म्हणजे पकड राहते पण जखडत नाही. हीट प्रेसवर वरून दाब येतो तिथे तीन टेकू पुरत नाहीत. मध्यभागी भक्कम आधार आणि कडेला सरकणारे क्लॅम्प, अशी मांडणी करा. ६०० मिमीची ॲल्युमिनियम प्लेट २०० अंशांवर जवळपास अडीच मिमी वाढते, त्या हिशेबाने खाचा ठेवा. प्लेट आणि फ्रेमच्या मध्ये मायका किंवा कॅल्शियम सिलिकेटचा तुकडा ठेवला की त्या जागी थंड ठिपका पडत नाही.

आठवी पायरी: गरम असताना मोजणं

थंड प्लेट सपाट असल्याचा पुरावा कामाचा नाही. आधी थंड असताना नऊ ठिकाणी डायल फिरवून आकडे वहीत लिहा: चार कोपरे, चार कडांचे मध्य, एक मधला. मग कामाच्या तापमानावर आणा आणि निदान १५-२० मिनिटं तसंच राहू द्या, कारण तापत असताना बाक सर्वांत जास्त असतो आणि नंतर बराचसा उतरतो. परत तेच नऊ आकडे घ्या. डायलचा स्टँड तापणाऱ्या फ्रेमवर ठेवू नका, नाहीतर स्टँडचं वाढणं प्लेटच्या नावावर लिहिलं जाईल. थंड झाल्यावर तिसऱ्यांदा मोजा.

तापमानही नऊ ठिकाणी घ्या. इन्फ्रारेड गन चकचकीत ॲल्युमिनियमवर खूप कमी आकडा दाखवते, म्हणून प्रत्येक ठिकाणी उष्णता सहन करणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका किंवा केप्टन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या पिवळसर टेपचा) तुकडा लावून त्यावर गन धरा.

तीन रकान्यांतले आकडे शेजारी शेजारी ठेवले की प्लेट स्वतः बोलते. गरम असताना बाक आणि थंड झाल्यावर पूर्ण सरळ, असं असेल तर स्क्रू ढिले करून पुन्हा मोजा. बाक गेला तर दोष बसवण्यात. नाही गेला तर तापमानाचे नऊ आकडे बघा, हीटरची वाटणी चुकली आहे. थंड झाल्यावरही बाक उरला आणि दर वेळी तापवल्यावर थोडा थोडा वाढत गेला, तर आत ताण आहे: प्लेट काढा, पाचव्या पायरीतली तापवणं-उतरवणं तीन-चारदा करा, आणि जाडी पुरत असेल तर दोन्ही बाजूंनी सारखा कट मारून घ्या. पहिल्या थंड मापातच बाक होता आणि पुढे तो बदललाच नाही, तर प्लेट स्थिर आहे. तिला एकदा ग्राइंडिंग करून घेतलं की नवी आणायची गरज नाही.